मलंगगड : वेढ्यातला वेढा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

एकही रहस्यकथा वाचली नाही असा माझ्या पिढीतला मराठी माणूस विरळाच. आमच्या अंबरनाथला आणि शेजारच्या उल्हासनगरात पूर्वी दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणारी छोटी दुकाने होती. कोपरे दुमडलेली, हळदीचे बोट लागलेली आणि शेवटचे पान हमखास गायब असलेली ती पुस्तके. त्यांतला एक साचा माझ्या विशेष आवडीचा. डोंगरातली आडवळणाची वस्ती, तिथे जायला एकच वाट, कोसळणारा पाऊस आणि बाहेरून आलेला एक अनोळखी माणूस. वस्तीतले लोक त्याला पाणी देतात, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि बोलत कुणीच नाही. मग वाट बंद होते आणि रात्र पडते.

बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या एका नायकाचे नावच काळापहाड, पण माझ्या आठवणीत तो डोंगरापेक्षा मुंबईच्या रस्त्यांवरच जास्त वावरला. नारायण धारपांनी एकाकी वाड्यांतून भय उभे केले. युरोपातल्या लेखकांना अशा गोष्टींसाठी बर्फात अडकलेले गाव किंवा घर लागते. आपल्याकडे बर्फ नाही, पण सह्याद्रीतला पाऊस त्या कामात बर्फाला हार जाणारा नाही.

आज मी सांगणार आहे ती हकिकत मात्र कादंबरीतली नाही. ती १७८० सालच्या पावसाळ्यात घडली, आणि जिथे घडली तो डोंगर कर्जतकडे जाताना लोकलच्या उजव्या हाताला दिसतो. खिडकीजवळ उभे राहायला मिळाले तर दिसतो, हे आमच्याकडच्या प्रवाशांना वेगळे सांगायला नको. भातखाचरांच्या सपाटीतून ही रांग एकदम उभी राहते आणि माथ्यावर सुळके घेऊन दक्षिणेकडे जाते. इंग्रजांना त्या सुळक्यांत चर्चचे मनोरे दिसले, म्हणून त्यांनी नाव ठेवले कॅथीड्रल रॉक्स. आमचे लोक नाव घेतात ते मलंगगड, श्रीमलंग, बाबा मलंग किंवा हाजी मलंग. कुणी कुठले नाव घेतो त्यावरून हल्ली माणसाचा अंदाज बांधला जातो. पूर्वी असा अंदाज बांधायची कुणाला गरज वाटत नसावी.

गडाचे तीन टप्पे आहेत. खाली पीरमाची, जिथे हाजी अब्दुर्रहमान ऊर्फ बाबा मलंग यांची कबर मानली जाते. त्याच्या वर सोनेमाची. आणि सगळ्यांत वर एका कातळी सुळक्यावर बालेकिल्ला, समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांहून थोडा अधिक उंच. वर पाण्याची टाकी आहेत, पडक्या भिंती आहेत आणि चिंचोळी सपाटी आहे. तिथे पोचताना कड्यात एक खिंडार लागते. आजचे गिर्यारोहक तिथे दोर लावून एका लोखंडी पाइपावरून सरकत पलीकडे जातात. खाली पाहायचे नाही, एवढाच तिथला नियम. ही जागा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी हकिकत या खिंडाराच्या अलीकडे आणि पलीकडे आहे.

गड म्हटला की आपल्याला तट, बुरूज आणि तोफा आठवतात. तिथे एक वस्ती असते, बायकामुले असतात, चुली पेटतात, बाळंतपणे होतात, हे आपण विसरतो. आणि ही वस्ती जगापासून तुटलेली असावी, अशीच तिची रचना असते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांविषयी एक मोठे प्रकरण आहे. ते मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला ते रहस्यकथेच्या पूर्वतयारीसारखे वाटते. आधी पाणी पाहा, मगच गड बांधा. येण्याची वाट सोपी ठेवू नका. दरवाजा एकच असेल तर तो दोष समजा आणि चोरदिंड्या ठेवा. घेऱ्यातली झाडी वाढवा, तिची एक काठीही तोडू देऊ नका. शत्रूसाठी वाट अवघड करायची आणि आपल्यासाठी एक छुपी वाट राखायची. छुपी वाट आली की ती कुणाला ठाऊक आहे, हा प्रश्नही आला.

शिवकाळातल्या गडाच्या कारभाराची घडीही अशीच. हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. तीन जातींचे तीन अधिकारी, म्हणजे एकट्याने कुणाला गड शत्रूच्या हवाली करता येऊ नये. विश्वासाने चालणारी ही व्यवस्था नव्हती. एकमेकांवर नजर ठेवण्यातून ती चालत होती, आणि कारभाराच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते. उतारावर मेटे असत, तिथे कोळी, महार, रामोशी चौकीला बसत. त्यांना गडाखालची जमीन इनाम असे. गड गेला तर जमीन जाणार, म्हणून वाटेवर वाजलेली काटकीही त्यांना ऐकू येई. संध्याकाळी दरवाजे बंद झाले की सकाळपर्यंत उघडत नसत. रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपण आईच्या मायेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात दुसरी एक गोष्ट दडलेली आहे. खाली घरी तान्हे मूल एकटे आहे असे सांगूनही पहारेकरी दरवाजा उघडत नाही. तो निर्दय नव्हता. वस्तीचा नियम तसा होता.

अशा वस्तीत बाहेरचा माणूस म्हणजे संशय. पण मलंगगडाची एक अडचण होती, आणि माझ्या मते हेच त्या गडाचे वेगळेपण. त्याच्या माचीवर पीर होता. पीराकडे कोण येते? आजारी माणूस येतो, नवस बोललेली बाई येते, फकीर येतो, ज्याचे गाव विचारावे तर नीट सांगता येत नाही असाही एखादा येतो. किल्ला बंद ठेवायचा आणि दर्गा उघडा ठेवायचा, अशा दोन उलट कायद्यांचा हा एकच डोंगर.

आता १७८० साल. पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती शाळेत आपण सगळेच शिकलो आहोत. पेशव्यांच्या घरात भाऊबंदकी झाली, रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, इंग्रज त्यांना गादीवर बसवायला बोरघाट चढले आणि जानेवारी १७७९मध्ये वडगावला त्यांना मान खाली घालून करार करावा लागला. तो कलकत्त्याच्या सरकारने मानला नाही आणि लढाई पुन्हा सुरू झाली. १७८०च्या उन्हाळ्यात कल्याण इंग्रजांच्या ताब्यात आले. कल्याण म्हणजे बंदर आणि घाटवाटांचा नाका. पण कल्याण घेऊन भागत नव्हते. दक्षिणेला मान वर केली की मलंगगड दिसत होता, आणि गडावरून कल्याणात कोण आले, कोण गेले, ते सगळे दिसत होते. ज्याच्या डोक्यावर असा पहारेकरी बसला आहे त्याला झोप लागणे कठीण.

कॅप्टन ॲबिंग्टन या अधिकाऱ्याने ऑगस्टमध्ये मलंगगडावर अचानक छापा घालायचे ठरवले. महिना ध्यानात घ्या. मराठी फौजांचे वर्ष दसऱ्याला सुरू होई. पावसाळ्यात घोडी चाऱ्याला आणि माणसे शेतीला. आषाढ-श्रावणात लढाई करणे रीतीत बसत नव्हते, आणि पावसात तोड्याच्या बंदुका व दारू यांचे काय होते हे ज्याने भिजलेली काडेपेटी पेटवून पाहिली आहे त्याला कळेल. अंबरनाथकरांना तर नक्कीच कळेल, काड्यापेट्यांच्या कारखान्यावर आमचे अर्धे गाव जगले. तर अशा दिवसांत कुणी येणार नाही, या भरवशावर गडाने थोडा श्वास सैल सोडला असणार. बेसावध गडावर थोड्या माणसांनिशी चढून जायचे हे तंत्र खरे म्हणजे मराठ्यांचे. १६७३मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी रात्रीत पन्हाळा घेतला, ती गोष्ट कोकणातल्या प्रत्येक गडावर सांगितली जात असेल. शंभर वर्षांनी तोच डाव उलटून आला.

छापा अर्धा यशस्वी झाला. गडाचा खालचा भाग ॲबिंग्टनच्या हाती आला. पण शिबंदीला वर निसटायला तेवढा वेळ मिळाला आणि ती बालेकिल्ल्यावर जाऊन बसली. डावातली गंमत इथे संपली. बालेकिल्ला छाप्याने घेता येत नाही. एका वेळी एक माणूस चढेल अशी वाट, मध्ये ते खिंडार, आणि वर बसलेल्याला बंदूकही लागत नाही. दगड लोटला तरी पुरतो. ॲबिंग्टनने मग खाली ठाण मांडले. उपासमारीने वरचे लोक उतरतील तोपर्यंत थांबायचे.

थांबणे हा रहस्यकथेचा प्राण आहे. काही घडत नाही आणि घडणार आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. वरच्यांना पाण्याची फिकीर नव्हती, टाकी ओसंडत असणार. ओल्या लाकडांवर भाकरी कशी भाजायची आणि कोठीतले धान्य किती दिवस पुरवायचे, हे त्यांचे प्रश्न. खालच्यांना वर नेमके किती लोक आहेत ते दिसत नव्हते. धुके उतरले की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही, हे त्या डोंगरावर श्रावणात गेलेल्या कुणालाही विचारा. ढग मध्येच फाटतात, खालची खाचरे लख्ख हिरवी दिसतात आणि पुन्हा पांढरा पडदा पडतो.

एवढ्यात पुण्याहून आलेल्या मराठी फौजेने पायथा आणि कल्याण यांच्यामधला मुलूख व्यापला. ॲबिंग्टनची परतीची वाट तुटली. वेढा घालायला आलेला आता स्वतः वेढ्यात सापडला. तुम्ही चित्र डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांत वर बालेकिल्ल्यावर शिबंदी. तिच्या खाली इंग्रजांची तुकडी, त्यांच्या तोंडावर वरचे दगड आणि पाठीवर खालची फौज. त्यांच्या खाली, पायथ्याला, मराठे. आणि तिथून पलीकडे कल्याणात पुन्हा इंग्रज, ज्यांना डोंगर दिसत होता पण डोंगरावर काय चालले आहे ते कळत नव्हते. एकाच डोंगरावर एकात एक बसवलेले हे डबे. कुठल्याही कथालेखकाने असे रचले असते तर संपादकाने ‘फार झाले’ म्हणून परत पाठवले असते.

या सगळ्यांच्या मधोमध पीराची कबर होती. आजही वर जाणारी वाट दर्ग्यावरूनच जाते. कबरीवर दिवा लावणारी माणसे, माचीवर राहणारी कुटुंबे, पावसामुळे वर अडकून पडलेला एखादा नवसकरी, यांची त्या दिवसांत काय गत झाली असेल? इंग्रजी हकिकतींत गडावरचे सगळे लोक ‘शिबंदी’ या एका शब्दात मावतात. लष्करी इतिहास असाच लिहिला जातो, त्यात लेखकाचा दोष नाही. पण मी कविता लिहिणारा माणूस आहे. माझे लक्ष तोफेपेक्षा त्या दिव्याच्या तेलाकडे आधी जाते. सुमारे दोन महिने खालून तेल येत नव्हते.

सुटका आली ती ऑक्टोबरच्या आरंभी. कर्नल हार्टली कल्याणहून निघाला. वडगावच्या माघारीत पिछाडी सांभाळून इंग्रजांची उरलीसुरली अब्रू वाचवणारा अधिकारी तो हाच. त्याने मधली मराठी फौज हटवली, ती बोरघाटाच्या दिशेने मागे गेली आणि ॲबिंग्टनच्या माणसांना वाट मिळाली. बालेकिल्ला त्यांना घेता आला नव्हता.

युद्ध पुढे चालूच राहिले. डिसेंबरात जनरल गॉडर्डने वसई घेतली. त्याच दिवसांत वज्रेश्वरीजवळ दुगाडला रामचंद्र गणेश हा मराठ्यांचा सेनानी हार्टलीशी लढताना दाट धुक्यात मारला गेला. पुढे मे १७८२मध्ये सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांनी ठेवली, वसई-कल्याणचा मुलूख पेशव्यांना परत मिळाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण या डोंगराची गोष्ट शेवटच्या पानानंतर सुरू होते असे मला वाटते. १८८२मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पुढची हकिकत नोंदलेली आहे. इंग्रज गडावरून हटले ते बाबांच्या कृपेने, अशी भावना होती. म्हणून पेशव्यांच्या बाजूने पीराला नजराणा पाठवायचे ठरले. जरीची चादर, तिला मोत्यांची झालर आणि वर चांदीचे खांब. हा नजराणा कल्याणहून वाजतगाजत डोंगरावर गेला आणि तो घेऊन गेले कल्याणचे एक ब्राह्मण गृहस्थ, काशिनाथपंत केतकर. त्यांनी कबरीची दुरुस्तीही हाती घेतली. तेव्हा घडीव दगड कारागिरांच्या हाताशिवाय आपोआप जागेवर बसले, अशी दंतकथा गॅझेटियरकाराने गंभीर चेहऱ्याने लिहून ठेवली आहे. इंग्रज अधिकाऱ्याने ती लिहिताना मिशीत हसून घेतले असेल तर घेवो बापडा.

पुण्याचे ब्राह्मण राज्य, डोंगरावरचा मुसलमान पीर, फिरंगी शत्रू, आणि विजयाची चादर कबरीवर. आज कुणी असे लिहिले तर त्याच्यावर सलोख्याचा प्रचार केल्याचा आरोप होईल. पण त्या काळच्या लोकांना सलोखा वगैरे शब्द सुचलाही नसेल. गड वाचला, ज्याच्या दारात वाचला त्याचे देणे फेडले, इतका साधा हिशोब असावा. मला तो साधा हिशोबच जास्त भरवशाचा वाटतो.

याचा अर्थ पुढे सगळे गोडीगुलाबीने चालले असे नाही. दर्ग्याची व्यवस्था काशिनाथपंतांच्या घराकडे राहिली, ती काही मुसलमानांना रुचेना. जून १८१७मध्ये पुण्याच्या करारानुसार उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले आणि त्याच वर्षी तक्रार नव्या कलेक्टरसमोर आली. गंमत पाहा. सदतीस वर्षांपूर्वी ज्यांची तुकडी त्या माचीवर पावसात कुडकुडत बसली होती, त्यांचाच माणूस आता त्या माचीचा न्यायनिवाडा करायला बसला. निवाडा झाला तोही डोंगराच्या रीतीने. पीराची इच्छा काय ते चिठ्ठ्या टाकून पाहायचे ठरले. चिठ्ठी काढली, ती काशिनाथपंतांच्या प्रतिनिधीच्या नावाने निघाली. पुन्हा काढली, पुन्हा तीच. तिसऱ्यांदा काढली, तिसऱ्यांदाही तीच. मग व्यवस्था त्यांच्याकडेच राहिली.

स्वातंत्र्यानंतर केतकर घराणे आणि दर्ग्याशी संबंधित मुस्लिम मंडळी यांच्यातला कज्जा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५४च्या निकालसंग्रहात तो छापलेला आहे. १९८०च्या दशकात शिवसेनेचे आनंद दिघे यांनी ही मच्छिंद्रनाथांची समाधी असल्याचे सांगत आंदोलन उभे केले, आणि तेव्हापासून माघी पौर्णिमेच्या सुमारास पायथ्याशी मोठा बंदोबस्त असतो. कुणाचे म्हणणे खरे हे ठरवायला मी इथे बसलेलो नाही, ते ठरवणारी ठिकाणे वेगळी आहेत. फक्त एका शब्दाकडे लक्ष वेधतो. मलंग म्हणजे दुनियेची फिकीर सोडलेला, आपले म्हणून काही न ठेवणारा फकीर. त्याच्या जागेची मालकी हा दोनशे वर्षे चाललेला खटला.

केतकरांच्या घरातली माणसे आणि मुसलमान खादिम दोघेही त्या कबरीपाशी उभे असलेले लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. आरती म्हणतात ती तिथेच आणि फातिहा पढतात तोही तिथेच. १७८०चा वेढा मात्र वर जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. पायऱ्या चढून माणूस धापा टाकत दर्ग्यापाशी पोचतो, चादर चढवतो, प्रसाद घेतो आणि उतरतो. सोनेमाचीकडे क्वचित कुणी वळतो. बालेकिल्ल्यावर तर दोर घेऊन येणारी कॉलेजची मुलेच जातात. त्यांतल्या एका अंबरनाथच्या मुलाला मी चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “काका, पहिल्या चिठ्ठीवरच का नाही थांबले?” मी म्हटलं, “अरे, पहिल्या चिठ्ठीवर हरलेला माणूस कधी थांबला आहे का?”